बारदानातला दांडा

आमच्या घरातला पहिला बी.ए. मी, आणि माझी पहिली नोकरी पोती शिवण्याची.

माझे वडील जालन्याच्या मोंढ्यात हमाल होते. पाठीवर पोतं, कमरेला लोखंडी आकडा आणि फेट्यात खोचलेलं दाभण, असंच त्यांचं रूप माझ्या डोळ्यांपुढे आहे. धान्याची पोती भरली की सुतळीनं त्यांची तोंडं शिवायची हेही काम त्यांच्याकडेच असे. छप्पन सालच्या धर्मांतरानंतर आमच्या वस्तीत पोरांना शाळेत घालणं हे बुद्धवंदनेइतकंच नेमाचं झालं होतं. दाभण आपल्याबरोबर संपावं आणि पोराच्या हाती पेन यावं, एवढ्यासाठी वडिलांनी मला शिकवलं. मीही मन लावून शिकलो. पदवीचा कागद घेऊन बरेच दिवस कचेऱ्यांच्या पायऱ्या चढलो-उतरलो आणि अखेर स्टेशन रस्त्यावरच्या एका सायकलच्या दुकानात लागलो. पहिल्याच दिवशी शेटजींनी माझ्या हातात जी वस्तू दिली, ते दाभण होतं.

घरी जाऊन सांगितलं तेव्हा वडिलांनी फेट्यातलं स्वतःचं दाभण काढून माझ्यापुढे धरलं. "दुकानातलं बोथट असंल," ते म्हणाले, "ह्ये घे." आमच्या घरात पदवीदान समारंभ झाला तो एवढाच.

शेटजींचे आजोबा राजस्थानातून जालन्याला आले होते. शेटजींचं मराठी मात्र मोंढ्यात मुरलेलं होतं. त्यांना माझ्या पदवीचा माझ्यापेक्षा जास्त अभिमान. गिऱ्हाईक आलं की माझ्याकडे बोट करून ते सांगत, "दुसऱ्या दुकानात पॅकिंग कोणी बी करतंय. आमच्याकडं बी.ए. करून राह्यला." माझं नाव त्यांनी कधी घेतलंच नाही. बी.ए. हेच माझं नाव. सुरुवातीला ते मला टोचायचं. पुढे लक्षात आलं की, सगळ्या बाजारात माझ्या पदवीचा रोज उच्चार करणारा हा एकच माणूस आहे. आजही त्यांच्याबद्दल माझ्या मनात कृतज्ञताच आहे.

आता सायकल ही चालवत न्यायची वस्तू. तिला पोत्यात कशाला घालायचं, असं आजच्या वाचकाला वाटेल. नेहमीचं गिऱ्हाईक खरोखरच सायकल घेऊन तिच्यावरच टांग टाकून गावी जायचं. आमचं पॅकिंग होतं ते लग्नाच्या सायकलींसाठी. सत्तरच्या त्या दशकात आमच्याकडे नवरदेव घड्याळ, रेडिओ आणि सायकल या तीन वस्तूंवरून रुसायचा. त्यातल्या सायकलीचा नियम असा, की नवरदेवाच्या आधी तिच्यावर कुणी बसता कामा नये. नवरीचा भाऊ चार कोस चालवत घेऊन गेला तर ती 'वापरलेली' ठरे. मग ती जायची एसटीच्या टपावर. तिथं तिच्या सोबतीला नांगराचे फाळ, तेलाचे डबे, पत्र्याच्या ट्रंका आणि त्या काळचा रस्ता. ओरखडा पडायचा सायकलीला आणि बोलणी बसायची सुनेला. काही घरांत तो ओरखडा पंधरा-वीस वर्षं ताजा राहिलेला मी ऐकला आहे.

म्हणून आमची कला. आधी दोन्ही चाकांतली थोडी हवा सोडायची, कारण टपावरच्या उन्हात ट्यूब फुटते. दोन्ही पॅडलं काढायची. डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात, हे माहीत नसलेला माणूस ते काढायला जातो आणि आणखी घट्ट करून ठेवतो. हँडल ढिलं करून सांगाड्याच्या रेषेत वळवायचं. पुढचं चाक काढून सांगाड्याला बांधायचं, आणि मोकळ्या झालेल्या चिमट्यात लाकडाचा ठोकळा बसवायचा, नाहीतर वर एखादी ट्रंक पडली की चिमट्याच्या दोन्ही पायांची गळाभेट होते. घंटी काढून खिशात ठेवायची. पोत्यात राहिली तर प्रत्येक खड्ड्याला वाजते आणि गाडीतली माणसं सारखी छताकडे बघत बसतात. मग सगळ्या नळ्यांना कागद आणि चिंध्या, मधल्या जागेत जिनिंगमधला टाकाऊ कापूस, आणि वरून दोन बारदानं उसवून केलेली एक लांब पिशवी. शेवटी दाभण आणि सुतळी.

परवा माझ्या पुतण्याच्या मुलानं त्याची सायकलची पिशवी मला दाखवली. तो विमानानं कुठल्या तरी शर्यतीला निघाला होता. आत स्पंज, चाकांना वेगळे कप्पे, पॅडलांना मखमली थैली. बाकी सगळं तेच: हवा सोडा, हँडल वळवा, चिमट्यात ठोकळा घाला. फक्त दाभणाची जागा पिशवीच्या चेननं घेतली आहे. मला बरं वाटलं. आपण नुसती पोती शिवतो असं ज्याबद्दल वाटायचं, तो धंदा आता विमानानं जातो.

मधल्या जागेत कापूस भरायची अक्कल मात्र मला उशिरा आली. पहिल्या लग्नसराईत मी कडबा भरायचो, कारण तो फुकट मिळे. अशी एक सायकल अंबडला गेली. मुलीच्या बापानं स्टँडवर पोतं उतरवून भिंतीला टेकवलं आणि तो चहा प्यायला बसला. तिथं फिरणाऱ्या एका गायीनं पोत्याचा वास घेतला, शिवण दातांनी उसवली आणि आतला माल खाऊन टाकला. बापाला चहा संपल्यावर दिसलं ते असं, की पोत्यातून एक हँडल बाहेर आलं आहे आणि गाय चेनकव्हर चाटते आहे. सायकलीला काही झालं नव्हतं. उलट ती इतकी स्वच्छ झाली होती की पुसावी लागली नाही. पण त्या गृहस्थानं दुकानात येऊन शेटजींना विचारलं, "तुमचा बी.ए. माणसांसाठी पॅक करतो का जनावरांसाठी?" त्यानंतर मी कापसावर आलो.

आष्टीकडचे एक शेतकरी आले होते, त्यांची तक्रार याच्या उलट. मी त्यांची सायकल इतकी नीट शिवली, की ते बघून उदास झाले. पोत्याभोवती दोनदा फिरले आणि म्हणाले, "भाऊ, ह्याच्यात काय हाय ते लोकाला कसं कळंल? सरकी म्हणतील." सायकल सुखरूप पोचणं हे त्यांच्या दृष्टीनं दुय्यम होतं. ती वाटेवरच्या प्रत्येक गावाला दिसायला हवी होती. अखेर मी पोत्याला एका बाजूनं भोक पाडून हँडलची एक मूठ बाहेर काढली. तिला त्यांनी झेंडूचं फूल बांधलं आणि समाधानानं गेले. मी मनात धरून ठेवलं की, आपल्या धंद्यात दोन प्रकारचं सामान असतं. एक जपायचं आणि एक दाखवायचं. तिसरा प्रकार लपवायच्या सामानाचा, हे मला खरात गुरुजींनी शिकवलं.

त्याआधी धंद्यातली आणखी एक अडचण सांगायला हवी. पोत्यातून निघालेली सायकल मोडल्यासारखी दिसते. चाक वेगळं, पॅडलं वेगळी, हँडलची मान वाकडी. लग्नाच्या मांडवात अशी वस्तू निघाली की बायका तोंडावर पदर घेतात. मोडकी वस्तू म्हणजे अपशकुन. म्हणून शेटजींनी अशी रीत पाडली, की लग्नाच्या सायकलीबरोबर पाना-पक्कड घेऊन मी स्वतः जायचं, आडोशाला पोतं उघडायचं, सायकल जोडायची आणि मगच ती मांडवात आणायची. त्यामुळे मी आमच्या भागातल्या कोणत्याही भटजीपेक्षा जास्त लग्नांत जेवलो आहे. मुलीकडचे मला दुकानदार समजत, मुलाकडचे मुलीचा मामा समजत. मी दोन्ही पंगतींना बसत असे.

आमच्या दुकानात भिंतीवर, अगदी छताजवळ, एक हिरवी लेडीज सायकल टांगलेली होती. ठोक व्यापाऱ्यानं मालाबरोबर ती कधीतरी चुकून पाठवली होती. परत पाठवण्यापेक्षा शेटजींनी ती शोभेला टांगली. दर दिवाळीला शिडीवर चढून मी तिची धूळ झटकायचो. गिऱ्हाइकं मान वर करून तिच्याकडे बघत आणि खालची काळी सायकल घेऊन जात.

एका लग्नसराईत खरात गुरुजी दुकानात आले. ते आष्टीला प्राथमिक शाळेत शिक्षक होते. त्यांच्याबरोबर त्यांची मुलगी सुमन होती. गुरुजींनी काळ्या सायकलींकडे पाहिलंही नाही. वर बोट केलं आणि म्हणाले, "शेटजी, ती खाली काढा."

"गुरुजी, ती लेडीज हाय," शेटजी म्हणाले.

"म्हणूनच."

चहा आला तेव्हा हकिकत कळली. सुमनला नुकतीच शिक्षिकेची नोकरी लागली होती. शाळा हसनाबादच्या पुढं दोन-अडीच कोसांवरच्या एका वाडीत. आणि योगायोगानं लग्नही हसनाबादला ठरलं होतं. मुलगा, उत्तम, तहसिलीत कारकून होता आणि भला होता. प्रश्न होता तो त्याच्या वडिलांचा. त्यांना सगळं गाव आबा म्हणे. आबा समाजाच्या प्रत्येक सभेत बोलत. मुली शिकल्या पाहिजेत, हुंडा बंद झाला पाहिजे, हे त्यांचे ठरलेले विषय. बैठकीतही त्यांनी छातीवर हात ठेवून सांगितलं होतं की, आम्हाला काही नको. उठता उठता फक्त म्हणाले, एक सायकल द्या म्हणजे बरं दिसेल. आणि सुमनच्या नोकरीचं कसं, असं गुरुजींनी विचारलं तेव्हा आबांनी मोठ्या दुःखानं मान हलवली होती. नोकरीला आमची ना न्हाई गुरुजी, पण त्या वाडीला गाडी जात न्हाई. रोज पायी जाणार कशी? तेव्हा राजीनामाच बरा.

"त्यांनी सायकल मागितली," गुरुजी बशीतला चहा संपवत म्हणाले. "कुणासाठी ते म्हणले न्हाईत. म्या विचारलं न्हाई."

शेटजींनी माझ्याकडे पाहिलं. माझी नजर सुमनकडे गेली. ती मान वर करून त्या हिरव्या सायकलीकडे बघत होती. सायकल तिला लहानपणापासून येत होती. वडिलांच्या मोठ्या सायकलीच्या दांड्याखालून पाय घालून, कैची मारत ती शिकली होती. पुढं लुगडं आलं आणि ते बंद झालं. आता तिला पुन्हा सायकल मिळाली तर नोकरी राहणार होती. न मिळाली तर पहिल्या पगाराआधीच संपणार होती.

गुरुजींचं म्हणणं एवढंच होतं, की मांडवात वंदना होईपर्यंत ही कोणती सायकल आहे ते कुणाला कळू नये. आधी कळलं तर आबा बदलून आणायला लावतील. सगळ्या गावासमोर उघडली की मग बघू.

इथं माझ्या धंद्याचा प्रश्न आला. बारदानातून रंग दिसत नाही, पण सायकलीचा आकार लपत नाही. हमाल पोतं उचलतो तेच मुळी दांड्याखाली खांदा घालून. वऱ्हाडी मंडळीही पोत्यावर हात फिरवून दांडा चाचपतात आणि माना डोलावतात. लेडीज सायकलीला तो वरचा दांडाच नसतो. हात घातला की पोतं मधे खड्डा पडल्यासारखं दबणार. मी थोडा वेळ विचार केला आणि मागच्या अंगणातून एक वेळूचा तुकडा घेऊन आलो. सीटच्या खालपासून हँडलपर्यंत तो आडवा बसवला, हिरवा रंग घासू नये म्हणून त्याला लाल चिंधी गुंडाळली, आणि सुतळीनं घट्ट बांधला. मग बारदान चढवून शिवलं. बाहेरून बघितलं तर नवरदेवाची पक्की सायकल.

सुमननं बोटानं पोतं दाबून बघितलं. आतला वेळू हाताला लागला तशी हसली. "झाली की ही बाप्याची," ती म्हणाली.

लग्नाच्या दिवशी मी, गुरुजींचं वऱ्हाड आणि टपावरचं ते पोतं असे हसनाबादला उतरलो. स्वागताला आबा स्वतः आले होते. पांढरंशुभ्र धोतर, काळा कोट, खिशाला पेन. नमस्कार-चमत्कार झाल्यावर ते सरळ पोत्याकडे गेले. वरून हात फिरवला, दांडा शोधला आणि त्यावर थाप मारली. "भारी हाय दांडा," ते गुरुजींना म्हणाले. "डबल सवारी बिलकुल चालंल." गुरुजींना खोकला आला.

मी नेहमीप्रमाणे आडोसा शोधू लागलो, तर आबांनी अडवलं. ते म्हणाले, आडोसा कशाला? आपल्याकडं शकुन-अपशकुन काही न्हाई, आपण ते सोडून दिलं. सायकल सगळ्या गावासमोर मांडवातच उघडायची. अंधश्रद्धेवर त्यांचा आवडता घाव होता तो. आडोसा मिळाला असता तर मी पोतं उघडून वेळू गुपचूप बाजूला केला असता. आबा पुरोगामी निघाले आणि माझी पंचाईत झाली.

वंदना झाली, नवरा-नवरीनं एकमेकांना हार घातले. मग आबांनी माइक घेतला. आबा बोलायला चांगले होते, हे मान्य करायला हवं. त्या दिवशी तर ते रंगात आले. हुंडा ही कीड आहे, सून ही लेक आहे, बाईनं स्वतःच्या पायावर उभं राहिलं पाहिजे. शेवटी त्यांचा आवाज भरून आला. "गुरुजींकडून आम्ही सुई बी मागितली न्हाई," ते म्हणाले. "आज ते जे काय देतील, ते त्यांच्या लेकीला देतील. आमचा त्याच्यावर हक्क न्हाई." टाळ्या पडल्या. आबांनी माइक हातातच ठेवला आणि मला खूण केली.

मी सुतळी कापली. बारदान खाली पडलं, कापूस उडाला, मी कागद काढू लागलो. गाठ सुटली तसा तो वेळू निसटला आणि लाल चिंधीसकट आबांच्या पायाशी जाऊन पडला.

पुढं बसलेल्या एका म्हाताऱ्यानं तो उचलला, चिंधी सरकवून पाहिला आणि शांतपणे म्हणाला, "दांडा लाकडाचा हाय की वो."

मग मांडवात जे सुरू झालं त्याला सीमा नव्हती. कुणी म्हणालं, प्रवासात दांडा मोडला. कुणी म्हणालं, मोडला कशाला, जालन्याच्या दुकानात लोखंडी दांडा काढून घेतला आणि त्या जागी लाकूड बांधून दिलं. हे दुसरं मत लोकांना लगेच पटलं. आम्ही चाक काढतो, पॅडल काढतो, हे सगळ्यांना माहीत होतं. काढणारा माणूस दांडा का सोडेल? तीन-चार तरुण माझ्याजवळ सरकले. एकानं माझी पान्याची पिशवी तपासली, जणू तो दांडा मी घडी करून आत ठेवला होता.

"ओ जालनेवाले," आबा म्हणाले. माइक हातात असल्याचं ते विसरले होते, त्यामुळे साऱ्या हसनाबादनं ते ऐकलं. "दांडा कुठंय आमचा?"

मी गुरुजींकडे बघितलं. बसमध्ये ते मला म्हणाले होते, तुम्ही गप्प राहा, वेळ आली की मी बोलेन. वेळ तर आली होती. गुरुजी मांडवाच्या कापडाकडे असे बघत होते, जणू त्यावर काहीतरी लिहिलं आहे आणि ते त्यांना वाचता येत नाही. मुलीचा बाप किती शिकलेला असला, तरी मांडवात त्याची जीभ मुलाकडच्यांच्या ताब्यात असते. मी तोंड उघडलं. काय बोलणार होतो ते मला आजही माहीत नाही, कारण त्याआधीच सुमन उठून उभी राहिली.

"दांडा कुणी काढला न्हाई," ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण मांडव गप्प झाला. "तिला दांडा नसतोच. बायकांची सायकल हाय ती. माझी हाय. शाळेत जायला."

माइक अजून चालू होता आणि त्यात आबांचा श्वास ऐकू येत होता. गाव आबांकडे बघत होतं. त्यांनी पाच मिनिटांपूर्वी काय म्हटलं होतं, ते लोकांना आठवत होतं, आणि लोकांना आठवतं आहे हे आबांना दिसत होतं. रागवावं तर कशावर रागवावं? सुई मागितली नव्हती. हक्क सांगितला नव्हता. जे दिलं ते लेकीलाच दिलं होतं.

त्या शांततेत नवरदेव पुढं आला. उत्तमनं माझ्यासमोर पडलेलं एक पॅडल उचलून माझ्या हातात दिलं. "घट्ट बसवा," तो हळूच म्हणाला. "वाडीचा रस्ता लई खराब हाय."

आबांनी ते ऐकलं. ते मुरलेले वक्ते होते. बुडत्या वाक्याला किनारा कसा दाखवायचा हे त्यांना येत होतं. त्यांनी माइक तोंडाजवळ नेला. "बराबर हाय," ते म्हणाले. "म्या सायकल मागितल्ती ती सूनबाईसाठीच. गाडी जात न्हाई तिकडं. मंग पोरीनं शाळंला जायचं कसं?" पुन्हा टाळ्या पडल्या, पहिल्यापेक्षा जोरात. मीही हातातला पाना बाजूला ठेवून वाजवल्या.

पंगतीत मात्र ते माझ्या शेजारी येऊन बसले. हळूच विचारलं, "मंग त्ये लाकूड कशाला होतं?"

"पॅकिंगचं," मी म्हणालो. "सांगाडा दबू नये म्हणून."

"हां," आबा म्हणाले, आणि माझ्या ताटात आणखी एक बुंदीचा लाडू वाढायला सांगितला. मला सूट मिळाली की समज, ते त्या लाडवावरून कळलं नाही.

शाळा उघडल्यावर सुमन त्या सायकलीवरून वाडीला जाऊ लागली. गुरुजी जालन्याला आले की दुकानात चहाला थांबत आणि खबर देत. पहिले काही दिवस लोक रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभे राहून बघायचे. नंतर त्यांनाही आपापली कामं होती. भिंतीवरची रिकामी खुंटी बघून शेटजींनी ठोक व्यापाऱ्याला पत्र लिहिलं आणि आणखी एक तशीच हिरवी लेडीज सायकल मागवली, या वेळी चुकून नव्हे. ती टांगली तशी बरेच दिवस टांगलेलीच राहिली. गुरुजींसारखा बाप रोज थोडाच येतो? मला दिवाळीला पुन्हा शिडीवर चढावं लागलं.

मग एके दिवशी दुपारी आबा दुकानात आले. तेच धोतर, तोच कोट, काखेत टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी लांब. त्यांनी आधी दाराबाहेर दोन्हीकडे बघून घेतलं. शेटजींनी पाणी दिलं, तब्येत विचारली. आबांनी पावसापाण्याच्या गोष्टी केल्या, समाजाच्या सभेची हकिकत सांगितली. मग भिंतीकडे न बघता म्हणाले, "ती वरची काढा."

"कोणासाठी, आबा?" शेटजींनी विचारलं. हे विचारायचं नसतं, पण ते व्यापारी होते.

आबांनी बरेच आढेवेढे घेतले. अखेर जे बाहेर आलं ते असं. एकदा बाजारच्या दिवशी सायकल घरी उभी होती, म्हणून त्यांनी सहज टांग टाकून पाहिली. टाकायला टांगच लागली नाही. जन्मभर धोतर सावरत, दांड्यावरून पाय नेताना सोगा अडकून ते दोनदा भर चौकात पडले होते. या सायकलीवर माणूस खुर्चीत बसावा तसा बसतो. तेव्हापासून प्रत्येक बाजारच्या दिवशी आबा सायकल घेऊन जाऊ लागले. लोक विचारत, तेव्हा सांगत, सूनबाईचं पंक्चर काढायला नेऊन राह्यलो. पण बाजाराच्या दिवशी शाळाही असे. सुमननं एक दिवस सरळ सांगितलं, मामंजी, सायकल न्या, पण मंग मला शाळंत सोडून या. आणि आबांनी तिला मागं कॅरिअरवर बसवून वाडीपर्यंत सोडलं होतं. सासरा बायकांच्या सायकलीवर सुनेला शाळेत सोडतो आहे, हे सगळ्या शिवारानं बघितलं.

"तिची नोकरी सुटायची न्हाई," आबा म्हणाले. "अन् माझा बाजार बी सुटायचा न्हाई. मंग दुसरी न्यावीच लागंल."

"पण दोन दिसल्या तर लोक विचारतील की," मी म्हणालो.

"दोन्ही एकसारख्या तर हायेत. जी रस्त्यात दिसंल ती तिची," आबा म्हणाले. याचा विचार त्यांनी वाटेत पुरा केला होता. "तेवढी स्टँडपासून घरापातूर जाऊ द्या कुणाला न कळता."

आणि त्यांनी काखेतला टॉवेल सोडून माझ्यापुढे धरला. आत वेळूचा तुकडा होता. माझी लाल चिंधी अजून त्याला तशीच होती, फक्त थोडी विटली होती.

"ह्योच बांधा," आबा म्हणाले. "मापाचा हाय."

मी शिडी लावली, सायकल खाली काढली, हवा सोडली, पॅडलं काढली. वेळू आपल्या जागी बरोबर बसला. बारदान चढवून मी वडिलांच्या दाभणात सुतळी ओवली, तेव्हा गल्ल्यावरून शेटजींचा आवाज आला.

"बी.ए., दांडा बराबर लागला पाहिजे हां हाताला."